गेटावरची झडती

आमच्या ह्यांनी ज्या कंपनीत एकतीस वर्षं टर्नर म्हणून काढली ती बंद पडली, शेड पाडल्या आणि त्याच जागेवर आता आमचं घर आहे. म्हणजे मुलाचं. पिंपरीत, चौदाव्या मजल्यावर. खाली लॉबीत एवढा सुगंध मारलेला असतो की पहिले काही दिवस मला वाटायचं, इथं कुणाचं तरी लग्नच आहे.

बिल्डरनं सगळं बदललं, पण गेट जुन्याच जागी ठेवलं. आता कंपनीत काय असायचं, ते सांगते. शिफ्ट सुटली की गेटावर झडती. डबा उघडायचा, पिशवी उघडून दाखवायची. कुणी तांब्याची तार नेऊ नये म्हणून. आत जाताना कुणी बघत नसे, बाहेर पडतानाच.

तर राहायला आल्यापासून हे भाजीला निघाले की गेटापाशी थांबायचे आणि रिकामी पिशवी वॉचमनपुढं उघडून धरायचे. मी मागून पाहायचे, बोलायचे नाही. वॉचमन लातूरकडचा, चाळिशीचा. पोरीला इथल्याच शाळेत घातलेलं. तो आधी म्हणायचा, "काका, ऱ्हाऊ द्या की." पण त्यानं बघितल्याशिवाय ह्यांचा पाय पुढं पडेना. मग तोही वाकून बघायला लागला. "काय न्हाई. जावा काका." हे खूश, तोही खूश.

एक दिवस कुणीतरी बाल्कनीतून फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मुलगा ऑफिसातून तापूनच आला.

"माझ्या बापाची झडती? अगं आई, आपण मालक आहोत इथले."

त्यानं तक्रार लिहिली, ह्या वॉचमनला काढा म्हणून. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पोराला कसं सांगू, की तुझा बापच पिशवी उघडतो? त्यालाही लागलं असतं, ह्यांनाही. मी आपली भाकरी थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर गेटावर नवाच माणूस. म्हणाला, "त्यांना एजन्सीनं चाकणला टाकलं, मावशी. बारा तासांची ड्यूटी, जायला-यायला तीन तास. तिकडंच खोली बघतो म्हणत होते. पोरीच्या शाळेचं काय करू, म्हणून डोळ्यात पाणी आलं त्यांच्या."

मी वर आले. हे पेपर वाचत होते. सगळं सांगितलं.

"मी उघडतो पिशवी?"

"रोज."

"तो बघतो म्हणून उघडत असेन."

"उलटं आहे. तुम्ही उघडता म्हणून तो बघतो."

ह्यांनी पेपराची घडी घातली. मग इस्त्रीचा शर्ट घातला आणि हॉलमध्ये दाराकडं तोंड करून बसले. मुलगा यायचा संध्याकाळी सातला, हे बसले सकाळी अकरापासून. जेवायलाही तिथंच ताट मागितलं.

मुलगा आला, तसे उभेच राहिले. "त्यानं माझी पिशवी कधी मागितली नाही. मीच दाखवतो. हाताला सवय आहे."

"पण पप्पा, तुम्ही कशाला..."

"तुला लाज वाटली का माझी?"

"लाज नाही वाटली. राग आला. तुम्हाला कुणी चोर समजलं तर?"

"एकतीस वर्षं समजतच होते की. त्याचा राग ह्या गरिबावर कशाला काढतोस?"

मुलगा बुटासकट खाली बसला. मग त्यानं सेक्रेटरीला फोन लावला, तक्रार मागं घेतली. एजन्सीवाले ऐकेनात, चाकणला माणूस कमी आहे म्हणाले. दोनदा जाऊन आला त्यांच्या ऑफिसात. पाचव्या दिवशी तो वॉचमन परत आपल्या जागेवर दिसला.

मी चहा घेऊन खाली गेले. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. रजिस्टरातच बघत बसला.

"माझं चुकलं बाबा," मी म्हणाले. "मला माहीत होतं सगळं. त्याच दिवशी बोलले असते तर तुझी ही पळापळ झाली नसती."

"व्हय काकू," तो म्हणाला. "तुमचंच चुकलं."

आणि मग कप घेतला. खोटं बोलला नाही, ते बरं वाटलं मला. पोरीची शाळा विचारली. म्हणाला, "चार दिस बुडली. आज गेलीय."