आधी पोटातलं

"आधी पोटातलं वापर गा," असं तो म्हणायचा आणि समोरच्या सर्किटच्या नकाशावर पेन्सिलीने काट मारायचा. नकाशा कोणाचा, याचा मुलाहिजा नाही. नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात मीटर-दुरुस्तीच्या विभागात आम्ही शेजारी बसायचो, त्यामुळे सगळ्यात जास्त काट माझ्याच नकाशांवर बसायची.

ऐंशीच्या दशकात मायक्रोकंट्रोलर आमच्याकडे नवाच आला होता. बोटाएवढी, दोन्ही बाजूंना तारांचे पाय असलेली चिप, पण तिच्या पोटात प्रोग्रामला जागा, घड्याळ आणि मोजणी करणारा काउंटर, असा सगळा संसार. तरी आम्ही सवयीने बाहेरून आणखी चार चिपा जोडायचो. त्याचं डोकं फिरायचं. "घरी वरण-भात शिजला असून खानावळीत काहून जाता बे?"

असा हट्टी माणूस तुमच्याही कचेरीत असेल आणि तुम्हीही त्याला हसत असाल. मी तर भरपूर हसलो. मग एका रविवारी महाल भागात त्याच्या घरी गेलो आणि हा हट्ट कशापायी आहे ते कळलं.

त्याची मुलगी मंजू जन्मापासून बहिरी. बहिऱ्या मुलांच्या शाळेत ती बोलायला शिकली होती, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो फार वर चढायचा, चिरका व्हायचा. गल्लीतली पोरं नक्कल करायची. तिला ऐकू येत नसलं तरी त्यांची वाकडी तोंडं दिसत होतीच. ती बोलायचीच थांबली. शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, सवय सुटली तर बोलणं परत येणं कठीण.

"तिले तिचा आवाज दिसला पाह्यजे," तो म्हणाला. "चढला का वरचा दिवा, उतरला का खालचा. अन् हा दिव्यांचा डबा तिच्या दप्तरात मावला पाह्यजे. म्हणून बाहेरचं काही लावत नाही मी."

युक्ती सोपी होती. टेलिफोनमधला माईक गळ्याला टेकवायचा आणि आवाजाचे कंप काउंटरने मोजायचे. आवाज चढा असेल तर कंप जास्त. पण किती वेळात मोजायचे? घोडं तिथे अडलं. त्या चिपमध्ये घड्याळ आणि काउंटर म्हणजे एकच गडी. तो एक तर मोजेल, नाही तर वेळ पाहील.

"वेळेसाठी दुसरी चिप लाव ना," मी म्हणालो.

"अन् मंग तिचं दप्तर कोण उचलन? तू?"

त्यात चुकलेला प्रोग्राम पुसायचा दिवा आमच्याकडे नव्हता. चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते, तिच्यातून ऊन आत गेलं की लिहिलेलं हळूहळू पुसलं जातं. नागपुरात उन्हाला काय तोटा! चूक झाली की चिप गच्चीवर जायची आणि पुढचे कित्येक दिवस हा नुसता येरझारा घालायचा. एकदा वहिनींनी वाळलेल्या मुगवड्यांबरोबर तीही डब्यात भरली. याने गच्ची पालथी घातली, मग स्वयंपाकघर.

"वडीले पाय असतेत का वं? पाहून तं भरायचं!"

"तुमच्या वडीले असतेत," वहिनी म्हणाल्या आणि एकदम त्यांचा आवाज फुटला. "पोर मुकी होऊन राहिली अन् तुम्ही गच्चीवर चिप वाळवून राहिले!"

त्याने डब्यातून चिप शोधली, पुसली आणि पुन्हा गच्चीवर नेऊन ठेवली. मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

शेवटी मार्ग सापडला तोही पोटातच. काउंटरने फक्त मोजायचं, आणि तोवर प्रोग्रामने काही काम न करता गोल फिरत राहायचं, घाण्याच्या बैलासारखं. एका फेरीला लागणारा वेळ ठरलेला. फेऱ्या संपल्या की मोजणी बंद. जमलं. खिडकीतून उजेड जाऊ नये म्हणून वहिनींनी कपाळावरची टिकली काढून तिच्यावर चिकटवली. "सवाष्ण झाली आता," त्या म्हणाल्या.

मंजूने माईक गळ्याला लावूच दिला नाही. त्याने स्वतःच्या गळ्याला लावून "आ" केलं, खालचा दिवा लागला. वहिनींनी केलं, मधला. मग तिने माईक ओढून घेतला, डबा मांडीवर ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून बसली. मग एकदम चिरकं "बा!" आलं. थोडं थांबून पुन्हा. पाचव्या-सहाव्या "बा"ला आवाज जरा खाली आला. माझे डोळे भरून आले, वहिनी तर तोंडाला पदर लावून रडत होत्या. हा पठ्ठ्या तिच्या खांद्यावरून वाकून पाहत पुटपुटत होता, "मधला दिवा थरथरून राहिला. सुधरवा लागन."

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी नागपूरला आलो तेव्हा न कळवताच त्याच्याकडे गेलो. दार मंजूने उघडलं, ओळखता येणार नाही इतकी मोठी झालेली. माझे ओठ तिला वाचता यावेत म्हणून मी सावकाश विचारलं, "बाबा आहेत का?"

"बाबा गेले, काका. मागच्या महिन्यात. आत या."

एकेक शब्द सुटा, थोडा जाडसर, पण खालच्या पट्टीत, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. बातमी माझ्यापर्यंत पोचायला जरा वेळच लागला. आधी मी नुसता आवाजच ऐकला होता.