रॉकेलच्या परातीत सायकल

नवऱ्याला देवळापुढच्या पारावरच्यांनी मारलं याचा राग होताच. पण सायकल ओढ्यात फेकून वर तिच्यावर नाचले, तेव्हा माझं डोकं फिरलं. त्याच सायकलवरून तो कामशेत स्टेशन गाठायचा आणि गाडीनं लोणावळ्याच्या कारखान्यात रातपाळीला जायचा. खाडा पडला की मुकादम दुसऱ्याला लावून मोकळा होणार होता.

आम्ही बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती, पण गावच्या देवळापुढं आमच्या वस्तीतल्यानं सायकलवरून उतरून चालत जायचं, हा रिवाज काही सुटला नव्हता. त्या सकाळी पाळी करून दमलेला नवरा उतरला नाही. पारावरच्यांनी त्याला खाली ओढलं, लाथांनी तुडवलं. ओठ फाटला, एक डोळा मिटला, गुडघा सुजला.

सायकल मी ओढ्यातून ओढून आणली. घरात होतं नव्हतं ते रॉकेल भाकरीच्या परातीत ओतलं. नवरा कण्हत एकेक भाग खोलून द्यायचा आणि मी काथ्यानं घासायची. साखळीत वाळू, चाकाच्या छर्र्यांत गाळ. घासताना मला त्यांची थोबाडंच दिसत होती. नखं फुटली तरी हात थांबेना. एखाद्याचं डोकं परातीत सापडतं, तर तेही सोलून काढलं असतं.

सासू म्हणाली, "पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर कशाला? आज उतरून जाऊ दे त्याला."

"मग मी घासती कशापायी?" मी परात आपटली. "खांद्यावर घिऊन जाऊ द्या की."

दुपार कलेपर्यंत सायकल जोडून झाली. सुजल्या गुडघ्यानं तो हळूहळू पायडल मारत निघाला, मी मागोमाग चालत. देवळाच्या अलीकडं नवऱ्याचा पाय जमिनीला लागला. त्याला उतरता येऊ नये म्हणून मी सरळ कॅरिअरवर बसले. पारावर सकाळचेच होते. ते उठले.

पहिला दगड मडगार्डवर वाजला. दुसरा माझ्या पाठीत बसला, श्वास अडकला.

"उतरू का गं?" नवऱ्यानं विचारलं. मला दगडांची नाही, त्याचे पाय थांबण्याची भीती वाटत होती.

"पायडल मारा," मी म्हणाले.

तिसरा दगड कानामागं लागला. मी तोंडातून आवाज काढला नाही, काढला असता तर तो थांबला असता. डोक्यावरून पदर घेतला आणि स्टेशनातनं त्याची गाडी सुटेपर्यंत जखमेवर तसाच दाबून धरला.