खिडकीतून होडी

तवा तापला होता, शेजारी दूध वर यायच्या बेतात होतं, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारी अख्ख्या मुरुडमध्ये एकच बाई. दूध उतरवून मी दार उघडलं, तर कोकिळाताई चपला काढून सरळ कॉम्प्युटरसमोर जाऊन उभ्या.

"वयनी, गवंडी दुपारी येतोय. त्याच्या आधी मना माझं घर ह्यात बगायचंय."

कोकिळाताई कोळीवाड्यातल्या. मासळी विकता विकता पन्नाशी ओलांडली. त्यांच्याशी घासाघीस करणारा माणूस पापलेट न्यायला येतो आणि बांगडे घेऊन, वर त्यांचेच आभार मानून जातो. गेल्या महिन्यापासून त्यांच्या घरामागे नव्या स्वयंपाकघराचं चाललं होतं आणि सगळं येऊन अडलं होतं एका खिडकीवर. कोकिळाताईंना ओट्याशी उभं राहून खाडीत लागणारी आपली होडी दिसायला हवी होती. नवरा समुद्रावरून परतला का हे बघायला त्या चुलीवरचं टाकून कुंपणापर्यंत धावतात आणि तोवर कालवण करपतं. नवऱ्याचं, धर्माजीदादांचं, म्हणणं एकच. खिडकी माणसाच्या गळ्याएवढ्या उंचीवर हवी, नाहीतर मांजर आत येतं. कोळ्याच्या घरात मांजराचा विचार आधी होतो, हे खरंच आहे.

लॉजवाल्यांना मी कॉम्प्युटरवर खोल्यांची चित्रं करून देते. तशीच कोकिळाताईंनी सांगितलेल्या मापांनी त्यांची भिंत उभी केली, ओटा घातला, दादा म्हणतात त्या उंचीवर खिडकी ठेवली. पलीकडे खाडी आणि निळी होडी. मग माउस त्यांच्या हातात दिला आणि पोळ्या लाटायला गेले.

परत आले तेव्हा फ्रिज छपरातून बाहेर डोकावत होता. सिलिंडर हवेत तरंगत होता. कपाट भिंतीतून अर्धं आत, अर्धं शेजारच्यांच्या अंगणात. देव्हारा तेवढा त्यांनी अलगद, जणू दोन्ही हातांनी धरल्यासारखा नेऊन ठेवला. जन्मभर डोक्यावर पाट्या वाहिलेली बाई एका बोटानं घर उचलत होती, आणि अशी हसत होती की तिच्याबरोबर मीही हसत सुटले. आत माझी पोळी करपली. वास आल्यावर त्या म्हणाल्या, "तुमालापन खिडकी पायजे."

शेवटी मी त्यांना रेषेत लावायचं बटण दाखवलं. ज्या वस्तू एकमेकींच्या समोर आणायच्या त्या निवडायच्या. सगळ्यात शेवटी निवडलेली जागची हलत नाही, बाकीच्या उठून तिच्याकडे जातात. म्हणून घर शेवटी निवडा, असं मी बजावलंही. पण खाडीतली ती जागा त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्यांच्याच होडीची. होडी कशी हलवायची? ती हलायला नको म्हणून कोकिळाताईंनी होडीच शेवटी निवडली आणि बटण दाबलं.

घर पायासकट उठलं, माड ओलांडून खाडीत गेलं आणि बरोब्बर होडीवर बसलं. होडी भिंतींच्या पोटात, तिचं टोक खिडकीतून बाहेर. आम्ही दोघी खुर्चीचे हात धरून हसतोय, तोच बायकोला शोधत धर्माजीदादा दारात. त्यांनी पडद्याकडे शांतपणे बघून घेतलं.

"डिझेल किती लागंल?"

"काय लागंल ते लागू दे," कोकिळाताई डोळे पुसत म्हणाल्या. "मांजर तरी येनार न्हाय."

मी घर पुन्हा किनाऱ्यावर आणलं. मग नुसती खिडकी भिंतीवरून आडवी सरकवत गेले. दादा मागे उभे राहून सांगत होते, अजून थोडी, अजून, हां. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की ते जाळं टाकतात, त्यांच्या नजरेला हे काय अवघड? वरून बघितलं तर ओटा, खिडकी, होडी सरळ एका रेषेत. प्रोग्राममधला एक तयार माणूस मी ओट्याशी उभा केला आणि त्याच्या डोळ्यांतून बाहेरचं दाखवलं. होडी स्वच्छ दिसत होती.

"दिसतेय की," दादा म्हणाले.

"पन हा बाप्या कोन? माझ्या ओट्यापाशी काय करतोय?"

त्यावर दादासुद्धा हसले. मी कोकिळाताईंना दाराच्या चौकटीशी उभं करून त्यांची उंची घेतली आणि तो माणूस तेवढा बुटका केला. पुन्हा त्याच्या डोळ्यांतून पाहिलं. होडी नाही, खाडी नाही, माडाचा शेंडासुद्धा नाही. नुसतं आभाळ.

दादा एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा बायकोकडे. मग गुडघ्यात वाकून तिच्याएवढे झाले आणि तसेच पडद्याकडे बघत राहिले.

कोकिळाताईंनी पदर खोचला.

"मांजराचं मी बगेन," त्या म्हणाल्या. "खिडकी माझ्या डोळ्यांएवढी खाली घ्या."