शेवटचं कडवं

मला वाचायला लावलं ते अकोल्यातल्या आमच्या खानावळीच्या मावशींनी. मी मोर्शीकडचा, नववीतच शाळा सोडून इथे डाळमिलीत आलेला. आम्ही पोरं जेवायला बसलो की मावशी जुन्या पाठ्यपुस्तकातली कविता मोठ्यानं वाचायच्या आणि शेवटच्या कडव्याशी थांबून पुस्तक माझ्याकडे सरकवायच्या.

"पुढचं तू पाह्य रे बाप्पा, माही भाजी लागून राहिली."

भाजी कधीच लागलेली नसायची. पण शेवट कळावा म्हणून मी वाचायचो.

घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला. आता दवाखान्यात त्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवून पुस्तक माझ्यापुढे करतात. मी अडखळतो. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. एक दिवस अख्खं पुस्तक त्यांना न अडखळता वाचून दाखवीन. त्यांनी तेवढं थांबावं.