कुंकवाखालचं अधिक

विमानात कुठली वीज खेळवायची, हे नगरच्या एमआयडीसीत बसून कुणी ठरवत असेल, यावर माझ्या माहेरी अजून कुणाचा विश्वास नाही. पण आम्ही ठरवत होतो. एका छोट्या विमानासाठी वीज वाटून देणारी पेटी बनवायचं काम आमच्या कारखान्याला मिळालं होतं, आणि एसी की डीसी हे सांगायची जबाबदारी माझ्यावर होती. मी ठासून डीसी म्हटलं, तेही दोनशे सत्तर व्होल्टचं. व्होल्ट जास्त तर प्रवाह कमी, प्रवाह कमी तर तारा बारीक, आणि विमानात तारांचं वजन वाचलं तर कुणाला नको असतं? मालक एसीच्या बाजूचे होते, कारण एसीनं त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता. मीटिंगमध्ये मी त्यांच्याशी जरा जास्तच आवाज चढवून बोलले. तो माझा जुना रोग आहे.

डीसीत एक खोट आहे, ती मला माहीत होती. एसीचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण उघडलं, म्हणजे प्रवाह तोडला, की ठिणगी आपसूक विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी लांबत जाते आणि बटणालाच खाते. म्हणून मी खास डीसीचे कॉन्टॅक्टर मागवले होते. कॉन्टॅक्टर म्हणजे मोठा प्रवाह जोडणारं-तोडणारं बटणच, फक्त या जातीच्या आत एक लोहचुंबक असतो आणि तो ठिणगीला बाजूला ढकलून विझवतो. दोनच नग आले होते.

मंगळवारी दुपारी पहिली चाचणी झाली. पूर्ण भार चालू असताना कॉन्टॅक्टर उघडायचा होता. तो उघडला आणि आत सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. जळक्या प्लॅस्टिकचा वास पार कॅन्टीनपर्यंत गेला. आम्ही जाड काचेआड होतो म्हणून कुणाला काही झालं नाही. मालक एवढंच म्हणाले, "शुक्रवारी विमानवाल्यांना कळवून टाका, आपण एसीवर येतोय." 'मी आधीच सांगितलं होतं,' असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

दोन दिवस मी सगळी गणितं पुन्हा केली. सगळी बरोबर येत होती, आणि त्यानंच जास्त भीती वाटत होती. गणित बरोबर असून आग लागत असेल, तर माझा निर्णयच चुकला होता. केवळ हट्टापायी मी कुण्या वैमानिकाच्या पाठीमागे जाळ ठेवायला निघाले होते.

गुरुवारी दुपारी डीसी सोडून देत असल्याचं पत्र लिहायला बसले. तेवढ्यात आमचे वायरमनमामा दुसरा नग घेऊन टेबलाशी आले. मामा जामखेडकडचे, निवृत्तीला आलेले, विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

"ताई, ह्येला अधिक-उणं न्हाई का?"

"बटणाला कशाला हवं अधिक-उणं?" मी खेकसलेच.

"आमच्या मेव्हण्याच्या सौर पंपाच्या पेटीत हाय. तितं बी डीसीच. मागं एकानं वायरी उलट्या लावल्या हुत्या, तर आतला खटकाच वितळला."

मी पेन खाली ठेवलं. "मामा, तुम्ही परवा कुठली वायर कुठं लावली?"

"ड्रॉइंगवर लिवल्यालं नव्हतं. मंग जी जवळ पडली ती लावली."

मी नग हातात घेतला. आमच्या स्टोअरच्या बाईंचा शिरस्ता आहे, नवी वस्तू खोक्यातून निघाली की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय त्या पुढे पाठवत नाहीत. सुटे स्क्रू आले तरी पिशवीला बोट लागतंच. या नगावरही त्यांनी सपाट, पांढरी, छान जागा बघून कुंकू लावलं होतं. मी ओढणीनं ते पुसलं. खाली बारीकसं अधिकचं चिन्ह होतं.

बाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. आराखडा मी काढला होता, तोही आमच्या एका जुन्या एसीच्या आराखड्यावरून. एसीत अधिक-उणं नसतंच, म्हणून माझ्या आराखड्यातही ते आलं नाही. आतला चुंबक ठिणगीला एकाच बाजूला ढकलतो. वायरी उलट लागल्या तर ती बाहेर जायची सोडून आत घुसते. हे सोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं, मी मात्र व्होल्टचा आकडा बघून पान मिटलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं!

वायरी सुलट लावल्या. हाताशी हा शेवटचा नग होता, त्यामुळे कळ मीच दाबली. टक्. बस, तेवढंच. पुन्हा दाबली, टक्. वीस वेळा उघडला, ना धूर, ना वास. माझा जीव भांड्यात पडला आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. आवाज ऐकून मालक आले, तर त्यांनाही हसतहसतच सांगितलं की डीसीचा काही दोष नाही, मीच घोळ घातला.

ते गेल्यावर मामा म्हणाले, "चूक तुमची निघाली, आन् तुमी हासताय व्हय?"

"माझी निघाली म्हणूनच, मामा. विजेची असती तर मी काय करणार होते?"