पारापासून मांडवापर्यंत

अकोले तालुक्यात त्या काळी ठरल्या मुहूर्तावर लागलेलं एकमेव लग्न आमच्या माडीवरच्या जर्मन भाडेकऱ्यानं लावलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सगळे त्यांना जर्मनकाका म्हणत. तिकडे पोरवयात त्यांनी हॉटेलांतून पियानो वाजवला, मग कितीतरी सिनेमांना संगीत दिलं आणि न्हाव्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे गुणगुणतील अशी गाणी रचली. पुढे कंटाळून भंडारदऱ्याचा रस्ता धरला, तो आमच्या माडीवर संपला. सिनेमाची सवय मात्र सुटली नव्हती. कुणी लांबण लावली की दोन बोटांची कात्री करून म्हणत, "छान. कापा." एकदा कीर्तनकारबुवांनाही त्यांनी ती कात्री दाखवली. मी लाजेनं खांबामागे गेलो आणि बुवा खरंच आटोपते झाले.

थोरल्या ताईचं लग्न ठरलं आणि वडिलांची झोप उडाली. चुलतबहिणीच्या लग्नात नाचणाऱ्या पोरांनी नवरदेवाला पारापाशीच अडवून गोरज मुहूर्त घालवला होता. तेव्हापासून सासरी गाय आटली तरी तिलाच ऐकावं लागे, "अवेळी आली ना!" ताईनं हे सगळं पाहिलं होतं. बँडमास्तरांनी तर हातच टेकले. "काका, गानं संपलं की पोरं म्हंत्यात, पुन्यांदा. तिथंच नाचत्यात. आमी काय करनार?"

"मग संपवू नका," जर्मनकाका म्हणाले.

त्यांनी अशी चाल बांधली, की प्रत्येक ओळ आता टेकेल असं वाटायचं आणि ती टेकायचीच नाही. सिनेमात नायकाला दारापर्यंत चालवत न्यायचं तर असंच करतात म्हणे. लग्नादिवशी ते स्वतः घोड्यापुढे उलटे चालत, हातवारे करत होते. पोरं नाचत होती, पण शेवट गाठायच्या नादात प्रत्येक उडी पुढेच पडत होती. मिरवणूक मांडवात येऊन धडकली, तेव्हा भटजींनी अंतरपाट पिशवीतून काढलाही नव्हता. सूर्य बुडायला आणि अक्षता पडायला एकच गाठ पडली. वडिलांनी आपल्या डोक्यावरचा फेटा काढून जर्मनकाकांना बांधला.

पाठवणीच्या वेळी मास्तरांनी काहीतरी रडवं सुचवा म्हटलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. मी ताईची ट्रंक जीपमध्ये ठेवत होतो, तेव्हा ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ही गाडी जरा उशिरा नाही सुटू शकत?"

सगळा गाव आनंदात असताना माझ्याही मनात नेमकं तेच होतं. त्याची टोचणी अजून जात नाही. आमच्याकडची जीप एरवी कधी वेळेवर निघत नाही. त्या दिवशी ड्रायव्हर केव्हाचाच बसून होता.