डबीतला गूळ

नाना गेल्याचा निरोप घेऊन मीच सोनगीरला त्यांच्या मुलीकडे, वेणूकडे गेलो. वेणूचे सासरे ओट्यावरच बसले होते. "जाऊ द्या तिले," एवढंच म्हणाले. नाना जिवंत असताना हे शब्द ऐकायला मिळाले असते तर... असो.

नाना जळगावच्या एका जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. माझे शेजारी. अफूची सवय तरुणपणापासूनची. वेणूच्या सासऱ्यांनी सांगून टाकलं, अफीमबाजाच्या घरी सून पाठवायची नाही. तेव्हा नानांनी अफू सोडली. थंडीनं कुडकुडताना, ओकताना, भिंतीवर डोकं आपटताना मी त्यांना पाहिलं. सुटली ती कायमची. पण सोनगीरला हे पटवायचं कोणी?

मूकपटांचे दिवस होते. अफूबंदीवर चित्र काढणारी मंडळी जळगावात आली. त्यांना खंगलेला माणूस हवा होता; नाना आयते मिळाले. शेवटी अफीमबाज व्यसन टाकून उठतो, अशी गोष्ट. नाना हरखले. सोनगीरकर बघतील, लेक माहेरी येईल! चित्रासाठी नानांच्या अफूच्या डबीत गुळाच्या गोळ्या भरल्या होत्या. "गोड खाईसन तोंड कडू करनं, मोठं कठीन काम शे, भाऊ!" असं म्हणत नाना हसायचे.

धुळ्याच्या तंबूत पहिला खेळ झाला. आधी अध्यक्षांचं भाषण. अफूनं येत नसेल अशी गुंगी त्यानं निम्म्या तंबूला आणली. मग चित्र. पण चित्राच्या मालकाचा हिशेब असा की, लोक बरा झालेल्या माणसासाठी रडत नाहीत. शेवटचा भाग त्यानं कापला होता. नाना गोळी खातात, कोसळतात, संपलं. बायका हुंदके देत उठल्या. माझ्या शेजारी नाना अंधारात ताठ बसून होते.

सोनगीरहून व्याही आले होते. बाहेर नानांनी डबी उघडून पुढे केली. "गूळ शे हाऊ, खाई दखा!"

"आते भरी लयनात गूळ!" व्याही म्हणाले. "बठ्ठा गावनी डोयाघाई दखं. हातमा लिधी, तोंडमा टाकी."

गूळ म्हणे आत्ता भरून आणलेला, आणि साऱ्या गावानं डोळ्यांनी पाहिली ती अफू. पडद्यावर दिसलं ते खरं, समोर उभा तो खोटा. नानांनी इतकं चांगलं काम करायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

पुढे ती डबी त्यांच्या खिशातून गेली नाही. तल्लफ आली की एक गोळी. भेटेल त्यालाही एक. सोनगीरचं कुणी बाजारात दिसलं तर दोन.

दहावं झाल्यावर वेणूनं कोनाड्यातली डबी उचलली. उघडली. आधी वास घेतला... लहानपणापासूनची सवय. मग एक गोळी जिभेवर ठेवली.

"गोड शे, काका," ती म्हणाली.